पवनचक्कीवर बोलायचंय? मग वीजबिल घरी ठेवून या

परवा नैरोबीतल्या एका हॉटेलात परिसंवादाला गेलो होतो. विषय : केनियातल्या तुर्काना सरोवराजवळच्या पवनचक्क्यांसाठी घेतलेलं कर्ज, ते शहाणपण की दिवाळखोरी. साडेतीन तास बसलो. व्यासपीठावर पाच जण. चौघं एकमेकांना ‘माझे मित्र आत्ताच म्हणाले त्याप्रमाणे’ म्हणत होते आणि पाचव्याला विमान गाठायचं होतं, म्हणून तो पहिल्यांदा बोलला, आणि मग निघता निघत नाही म्हणून शेवटीही बोलला. मी कागदावर लिहून नेलेला प्रश्न तसाच खिशात परत आला. घरी पोचतो तर स्टिमा, म्हणजे वीज, गेलेली. (इकडे अकरा वर्षं काढल्यावर माणसाची वीज जात नाही, स्टिमाच जाते.) मेणबत्ती लावून बसलो आणि म्हटलं, प्रश्न विचारायची हौस सोडावी आणि सरळ उत्तरं देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसावं. काय काय लागतं त्यासाठी, ते त्या साडेतीन तासांत बऱ्यापैकी शिकलोय. तुम्हालाही सांगतो. पुण्यात, ठाण्यात, न्यू जर्सीत, कुठेही चालेल. इथे यायची तर अजिबात गरज नाही.

पहिलं म्हणजे ‘आफ्रिका’ म्हणायचं. केनिया म्हटलंत की कुणीतरी विचारणार, केनियात कुठे? मग मार्साबिट जिल्हा सांगावा लागतो, लोईयांगलानी सांगावं लागतं, आणि तिथे जीभ अडखळते. ‘आफ्रिका’ म्हटलं की चोपन्न देश एका दमात उरकतात. माझा साताऱ्याचा मामेभाऊ यात तयार आहे. वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघत मोठा झालेला माणूस, पण मला फोनवर विचारतो, “तुमच्या आफ्रिकेत वारा असतो का रे एवढा?” असतो बाबा. हिंदी महासागराकडून येणारा वारा कुलाल आणि न्यिरू या डोंगरांच्या मधल्या वाटेत असा दाबला जातो की मी तिथे गेलो तेव्हा गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडावं लागलं, आणि एका हातानं उघडणाऱ्या सोबत्याच्या दाराची बिजागरी वाकली. पण हे सभेत सांगू नका. जाऊन आलेल्या माणसाला फारसं कुणी बोलू देत नाही.

दुसरं, आकडा मोठा आणि सुटसुटीत हवा. ३१० मेगावॉट, ३६५ टर्बाइन. ‘वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक!’ असं म्हणा. टाळ्या येतात. परवा दोन वेगवेगळ्या वक्त्यांनी म्हटलं, दोघांनाही आल्या.

तिसरं, बाजू आधी ठरवा, कागद नंतर बघा. बघितलेच नाहीत तर उत्तम. बाजू दोनच आहेत : एक, गोऱ्यांनी गरिबांवर केलेले उपकार. दोन, गोऱ्यांनी मांडलेली लूट. प्रकल्पाचा खर्च ६२ कोटी युरोंच्या वर, त्यात बहुतांश कर्ज, आणि ते जमवायला पुढे होती आफ्रिकन विकास बँक, जी आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानमध्ये बसते आणि जिच्यात बहुतेक भागधारक देश याच खंडातले आहेत. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचे २० कोटी युरो आले. दक्षिण आफ्रिकेच्या व्यापारी बँका आल्या. हे सगळं व्याजासकट परत करायचं आहे. म्हणजे उपकार म्हणावं तर परतफेड आहे आणि लूट म्हणावं तर निम्मं घर आपलंच. असली भानगड सभेत आणली तर तुमच्यावर दोन्हीकडचे खेकसतील. माझ्या शेजारच्या बाई ‘भीक नको’ आणि ‘कर्ज माफ करा’ या दोन्ही वाक्यांना उभं राहून टाळ्या देत होत्या. त्यांचा आदर्श ठेवा.

चौथं, गूगलनं २०१५ मध्ये या प्रकल्पात साडेबारा टक्के हिस्सा घेतो म्हणून सांगितलं एवढंच सांगा, २०२० मध्ये नको म्हणाले ते सांगू नका.

पाचवं, जागतिक बँक. हा हुकमाचा एक्का, आणि दोन्हीकडून चालतो. २०१२ मध्ये ती या प्रकल्पातून बाहेर पडली. तुम्ही विरोधक असाल तर म्हणा, ‘बघा, जागतिक बँकसुद्धा पळाली.’ समर्थक असाल तर म्हणा, ‘बघा, जागतिक बँकेला आफ्रिकेची प्रगती बघवत नाही.’ ती का बाहेर पडली, यात कोणी पडत नाही. कारण रटाळ आहे. वीजखरेदीचा करार ‘घ्या नाहीतर घेऊ नका, पैसे मात्र मोजा’ या जातीचा होता, आणि देशाला तेवढ्या विजेची गरज त्या वेळी नसली तर काय, अशी बँकेची शंका होती.

आता मराठी माणसाला हे वाक्य वाचून काही आठवायला हवं की नको? १९९३ मध्ये जागतिक बँकेनं दाभोळच्या एन्रॉनला पैसे द्यायला नकार दिला होता. महाराष्ट्राला ती वीज परवडणार नाही म्हणाली होती. आपण काय केलं? आधी करार केला, मग अरबी समुद्रात बुडवायच्या गर्जना केल्या, मग गर्जना करणाऱ्यांनीच बसून नवा करार केला, आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडून गंजत उभा राहिला. तेव्हा आमच्या घरी बिल आलं की वडील ‘एन्रॉनचा हप्ता’ म्हणायचे. मी हे सभेत बोललो असतो तर दोन्ही बाजूंनी मला आपल्यात ओढलं असतं, आणि मला दोन्हीकडे जायचं नव्हतं. कारण तुर्काना म्हणजे एन्रॉन नव्हे. इथे नाफ्था जाळायचा नाही, वारा फुकट आहे, दर युनिटला सुमारे साडेसात युरो सेंट, वीस वर्षांसाठी, आणि डिझेलवर चालणाऱ्या इथल्या वीजकेंद्रांपेक्षा ही वीज स्वस्त पडते. सारखी गोष्ट एकच आहे, करारातलं ते कलम. पण कलमावर टाळ्या येत नाहीत.

सहावं, तारांबद्दल बोलायचं नाही.

नाही म्हणजे नाही. पाती फिरताना फोटो छान येतो, तारेचा येत नाही. परवाच्या सादरीकरणात पात्यांच्या सतरा स्लाइडी होत्या. हो, मोजल्या. तारेची एक, तीही नकाशातली लाल रेघ. त्या लाल रेघेवर या देशानं किती पैसे जाळले ते कुणी बोललं नाही. लोईयांगलानीपासून थेट नैरोबीकडच्या सुस्वापर्यंत सव्वाचारशे किलोमीटरपेक्षा लांब वाहिनी. पवनचक्क्या उभ्या करायच्या खासगी कंपनीनं, तार ओढायची सरकारनं, असं ठरलं. आणि करारात लिहिलं की तार वेळेत नाही आली तर न झालेल्या विजेचेही पैसे सरकार भरेल. तार रखडेल ही भीती सगळ्यांनाच होती. इतकी होती की आफ्रिकन विकास बँकेच्या निधीनं त्यासाठी २ कोटी युरोंची वेगळी हमी दिली. म्हणजे पाऊस येणार हे माहीत, छत्रीचे पैसेही मोजलेले, फक्त छप्पर कुणी घातलं नाही! काम मिळालं स्पेनच्या इसोलक्सला. ती कंपनी स्वतःच दिवाळखोरीत गेली. जमीन मालकांचा मोबदला अडला. २०१७ च्या सुरुवातीला ३६५ च्या ३६५ टर्बाइन तयार, आणि वीज न्यायला तार नाही. जगातला एक उत्तम वारा दीड वर्ष नुसता वाहून गेला आणि मीटर मात्र पळत होता. न वापरलेल्या, न झालेल्या, कुणाच्याही घरात न पेटलेल्या विजेचा मीटर! तार जोडली गेली सप्टेंबर २०१८ मध्ये. हिशेब अब्जावधी केनियन शिलिंगचा झाला. काही रोख द्यायचे ठरले, उरलेले वीजदर वाढवून वसूल करायचे ठरले. कुणाकडून? व्यासपीठावरच्या पाचांकडून नव्हे.

माझ्याकडून. माझ्या इमारतीच्या वॉचमनकडून. तो एम-पेसावरून, म्हणजे मोबाइलवरून पैसे भरून, शंभर शिलिंगचं विजेचं टोकन घेतो. टोकन म्हणजे वीस आकडे, ते मीटरमध्ये दाबायचे. त्याच्या मोबाइलवर जो संदेश येतो तो मी एकदा त्याच्याबरोबर ओळीनं वाचला. विजेचे एवढे. इंधनाचे एवढे. पाण्याच्या प्राधिकरणाचे एवढे. ग्रामीण विद्युतीकरणाचे एवढे. व्हॅट सोळा टक्के. आणि मध्ये एक ओळ : फॉरेक्स. त्यानं विचारलं, “हे काय?” मी सांगितलं, वीज ज्यांच्याकडून घेतो त्यांच्यातल्या काहींना युरोत नि डॉलरमध्ये पैसे द्यायचे असतात, शिलिंग घसरला की फरक आपण भरतो. तो म्हणाला, “पण मी युरो कधी बघितलापण नाही.” मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. मला उत्तर सुचलं नाही.

माझ्या खिशातला प्रश्न हाच होता. कर्ज युरोत, दर युरोत, गिऱ्हाईक शिलिंगवालं, तर घसरणीचा धोका शंभर शिलिंगच्या टोकनवाल्यानंच का उचलायचा? बँकेनं का नाही थोडा? भागधारकानं का नाही? पण नाही! ‘वेळेअभावी.’ साडेतीन तासांत वेळेचा अभाव!

सातवं, स्थानिकांना ‘भागधारक समुदाय’ म्हणा. शेळ्या-उंटवाले म्हणू नका.

आता आठवं लिहिणार होतो. नाही लिहीत. कारण शेवटून दुसऱ्या रांगेत मार्साबिटकडचा एक पोरगा बसला होता, पंचविशीचा असेल. बसनं आला होता, आदल्या रात्री निघून. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कागद होते. चहाच्या सुट्टीत त्यानं मला दाखवले. दीड लाख एकर जमीन. तिच्यावर रेंदिले, सांबुरू, तुर्काना लोकांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या चरतात. कंपनीला ती भाड्यानं दिली गेली, लोक २०१४ मध्ये कोर्टात गेले, आणि २०२१ मध्ये मेरूच्या पर्यावरण व जमीन न्यायालयानं सांगितलं की जमिनीचे हक्कपत्र कायदेशीर रीतीनं झालेलेच नाहीत, वर्षभरात नीट करून घ्या. सहाशे कोटी रुपयांचं नव्हे, सहाशेहून जास्त दशलक्ष युरोंचं काम, बँकांचे वकील, युरोपातले सल्लागार, कागदांचे गठ्ठे, आणि खालची जमीन कुणाची हे नीट बघितलं नाही? सातबारा न बघता गुंठाभर जागा तरी घेतो का आपण?

त्या पोराला बोलायला दोन मिनिटं मिळाली. दीड मिनिट झाल्यावर सूत्रसंचालकानं घड्याळाकडे बोट केलं. मग विमानवाल्यानं माइक घेतला आणि ‘स्थानिक सहभागाचं महत्त्व’ यावर बारा मिनिटं बोलला. विमान काही चुकलं नाही त्याचं.

हसू नका. तुम्हीही तेच करता. एखादी लिंक अर्धी वाचून ‘आफ्रिकेला चीननं विकत घेतलं’ किंवा ‘पवनऊर्जा म्हणजे थोतांड’ असं ग्रुपवर टाकता आणि झोपता. वीजखरेदी करार एकदा तरी उघडून बघितलाय? तुमच्या स्वतःच्या राज्यातला? मी विचारतोय, कारण दाभोळच्या वेळी आपल्या वर्गातल्या किती जणांनी बघितला होता ते मला माहीत आहे, त्यात मीही नव्हतो. पवनचक्की चांगली की वाईट हा काय प्रश्न आहे? वारा चांगला आहे, चक्की फिरते आहे. उशीर झाला तर कोण भरेल, चलन घसरलं तर कोण भरेल, जमिनीवर सही कुणाची, हे सही व्हायच्या आधी विचारायचं असतं. नंतर हॉटेलात जमून समोसे खाताना नव्हे. आणि विचारायचंच असेल तर आधी तो माइक खाली ठेवा, मागच्या रांगेतल्या त्या पोराकडे द्या आणि फोल्डर उघडून होईपर्यंत घड्याळाकडे बघू नका.