चंद्र लांब जातोय, पण अवकाश ताणल्यामुळे नव्हे

काल रात्री दहाला खानापूरहून भाच्याचा फोन. यंदा त्याची एसएसएलसी. घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज त्यानं वाचून दाखवला: ‘अवकाश प्रसरण पावतं, म्हणून चंद्र लांब जातो म्हणे. मग आपणही ताणलं जायला हवं! पट्टीही ताणणार, मग मोजलं कशानं? प्रकाशापेक्षा वेगानं काही जात नाही म्हणणारेच दीर्घिका त्याहून वेगानं पळतात म्हणतात. शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. सगळं थोतांड.’ आणि वर, “मामा, मग पुस्तकातलं खोटंच की?” परीक्षेच्या तोंडावर पोराच्या डोक्यात हे भरवणाऱ्याचा मला मनापासून राग आलाय.

आधी चंद्र. तो वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर लांब जातो, हे खरं. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथं ठेवलेल्या परावर्तकावर लेसर सोडून ते मोजतात. पण कारण भरती-ओहोटी. वेंगुर्ल्याला आपण पाणी चढताना बघतो ना, तोच फुगवटा. पृथ्वीच्या गिरकीमुळं तो चंद्राच्या थोडा पुढं राहतो आणि चंद्राला पुढं ओढतो. चंद्राची कक्षा मोठी होते, पृथ्वीची गिरकी मंदावते.

फसायला जागा आहे, हे मात्र मान्य. विश्वाच्या विस्ताराचा दर चंद्राच्या अंतराला लावला तर वर्षाला पावणेतीन सेंटिमीटर येतात. जवळपास जुळल्यासारखं वाटतं. मग तोच दर सूर्याला लावून बघा! पृथ्वी दरवर्षी दहा मीटरहून जास्त सरकायला हवी. १९६१ पासून शुक्रावर रडारच्या लहरी सोडून अंतरं मोजली जातात. इतक्या वर्षांत ही वाढ लपलीच नसती. ती नाहीच.

सूर्यमाला गुरुत्वानं बांधलेली, अणू विद्युतबलानं. शेजारच्या काकू मांडे करताना पीठ हातावर झुलवतात. मांडा ताणत जातो, त्यातला कोंड्याचा कण आहे तेवढाच राहतो. आपली पट्टी म्हणजे तो कण. देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडंच येतेय.

प्रकाशाचं थोडक्यात. सेकंदाला तीन लाख किलोमीटरची मर्यादा अवकाशातून धावणाऱ्याला आहे. दूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत मधलं अवकाशच वाढतं. अंतर दुप्पट तर वेग दुप्पट, हे खगोलशास्त्रज्ञ हबलनं १९२९ मध्ये दाखवलं.

एकमताचं म्हणाल तर विस्ताराचा दर दर मेगापार्सेकला (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांच्या अंतराला) सेकंदाला ६७ किलोमीटर धरायचा की ७३, यावर भांडण आहे खरं. विस्तार होतो का, यावर नाही.

भाच्याला सूर्याचा गुणाकार फोनवरच करायला लावला. दहा मीटर सत्तर सेंटिमीटर आलं. रात्रीच त्यानं वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला.