जागा वाढवून मिळेल

लॉगिन केलं की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा समोर येतो? पासवर्ड बरोबर आहे, तरी आत घेत नाही? अभिनंदन, तुमचा रूट, म्हणजे डिस्कवरचं लिनक्सच्या वाट्याचं मुख्य पार्टिशन, काठोकाठ भरला. लिनक्सवाल्यांच्या पंगतीत तुमचंही पान वाढलं गेलं.

आता पार्टिशन वाढवायचं. गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने हा सोहळा स्वतःच्या लॅपटॉपवर पार पाडला. त्याच्याच पावलावर पाऊल ठेवून या सूचना देतो आहे. तंतोतंत पाळा.

सुरुवातीलाच, जागा कशाने भरली हे बघायच्या फंदात पडू नका. जागेचा हिशेब सांगणारी 'डीएफ -एच' कमांड मारली, रूटसमोर १००% दिसलं, बास. 'डीयू' चालवून कुठला फोल्डर किती गिळतोय ते शोधणं हे भित्र्या माणसाचं काम. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही म्हणून कोणी माळ्यावरचे रिकामे खोके काढतं का? सरळ भिंत पाडावी.

बॅकअप मात्र जरूर घ्या. त्याच डिस्कवर, जमल्यास त्याच पार्टिशनमध्ये, 'बॅकअप फायनल २' अशा नावाने.

पार्टिशन टेबलाची, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठून कुठवर त्या नोंदीची, नक्कल 'एसएफडिस्क -डी'ने एका छोट्या फाइलीत निघते. अर्धं मिनिटही लागत नाही, म्हणूनच काढू नका.

बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की? असेल कुठल्या तरी ईमेलात.

पार्टिशन लहान करायचं असेल तर आधी पार्टिशन कापा, आतल्या फायलींची मांडणी सांभाळणाऱ्या फाइलसिस्टिमला नंतर सावकाश कळवा. फाइलसिस्टिम एक्सएफएस प्रकारची असेल तर प्रश्नच मिटला, ती फक्त वाढते. आकसत नाही, आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखी.

वाटेत स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायचं पार्टिशन, आडवं आलं तर उडवा आणि पलीकडे नवं करा. नव्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, वेगळा असतो, पण सुरू होताना कुठली पार्टिशनं जोडायची त्या यादीत, 'एफस्टॅब'मध्ये, जुनाच राहू द्या. मग दर वेळी मशीन सुरू होताना ते हरवलेल्या स्वॅपची दीड मिनिट वाट बघत बसेल. तेवढ्यात चहाला आधण येतं.

आता मुख्य विधी. त्याच डिस्कवरच्या विंडोजचा सी ड्राइव्ह आकसवलात की मोकळी जागा सुटते ती त्याच्या शेपटाशी, म्हणजे तुमच्या लिनक्सच्या डावीकडे. ती उजवीकडे असती तर काय मजा? चालू मशीनवर 'ग्रोपार्ट' आणि 'रीसाइझ-टू-एफएस' या दोन कमांडी, आणि लिनक्सची नेहमीची ईएक्सटी-४ फाइलसिस्टिम मिनिटभरात मोठी झाली असती. पण जागा डावीकडे असली की पार्टिशनची सुरुवातच मागे सरकवावी लागते. सुरुवात सरकली म्हणजे आतला सगळा डेटा उचलून नव्या जागी मांडायचा. भिंत सरकवणं वेगळं आणि अख्खा संसार एकेक डबा करत शेजारच्या खोलीत नेणं वेगळं. जीपार्टेड हा पार्टिशनं हलवणारा प्रोग्रॅम हे करून देतो, पण आधी बजावतो की वेळ लागेल, मशीन कदाचित बूट होणार नाही. ती चौकट न वाचता 'अप्लाय' दाबायची असते, पानाच्या टपरीवरच्या 'थुंकू नये'सारखी. मग दीडशे जीबीचा संसार जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर काही तास हलत राहतो. त्यातल्या कुठल्याही क्षणी अर्धे डबे या खोलीत, अर्धे त्या खोलीत, आणि यादी कुणाच्याच हातात नाही.

यासाठी मुहूर्तही पाहावा लागतो. भाच्याने गुरुवार निवडला. पुण्यात. सकाळी साडेनऊला.

लॅपटॉपची बॅटरी दीड वर्षापूर्वी फुगली म्हणून काढून ठेवलेली. नवी घेतली नव्हती, कारण 'मामा, तसाही तो चार्जरवरच असतो ना.' दहा वाजून पाच मिनिटांनी पंखा थांबला. त्याच्याबरोबर जीपार्टेडही थांबला, एकोणीस टक्क्यांवर. गुरुवारी वीज जाणार, असा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या रात्रीच येऊन पडला होता. त्यावर या पठ्ठ्याने अंगठाही दाखवला होता!

दुपारी लॅपटॉप माझ्या टेबलावर. 'फक्त एकदा बघ ना मामा, तुला येतं ना हे.' हो, येतं मला. गेले सहा दिवस फोटोरेक, म्हणजे हरवलेल्या फायली हुडकणारा प्रोग्रॅम, चालवतोय. फोटो सापडतायत, पण नावं नाहीत, तारखेचे फोल्डर नाहीत. 'एफ'च्या पुढे सात-आठ आकडे, झाली फाइल. अशा अकरा हजार. ताईच्या डोहाळजेवणाशेजारी कॉलेजच्या ट्रेकचा चिखल, त्याच्याशेजारी कुणाच्या तरी असाइनमेंटचा स्क्रीनशॉट. आमच्या वडिलांचे पंच्याहत्तरीचे फोटो त्याने स्कॅन करून ठेवले होते. मूळ अल्बम मागच्या वर्षी ओल येऊन चिकटला, तो टाकून दिला. आजोबांचे मिळाले ते किती? चार. त्यातले दोन नखाएवढे.

आणि हे सगळं कशासाठी, ते काल कळलं. टाइमशिफ्ट. सिस्टिमच्या नकला काढणारा प्रोग्रॅम. रोजचे स्नॅपशॉट, तेही रूटवरच. शिवाय मागच्या सेमिस्टरच्या डॉकर इमेजेस, म्हणजे तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे, ज्यांची परीक्षासुद्धा होऊन गेली. अरे, स्नॅपशॉट पुसले असतेस आणि 'डॉकर सिस्टिम प्रून -ए' मारलं असतंस, तर पन्नास-साठ जीबी बसल्या जागी मोकळी झाली असती! पार्टिशनला हात लावायची गरजच नव्हती. गरजच नव्हती रे!

आणि समजा होती. तरी बाहेरच्या डिस्कवर नक्कल घेतल्याशिवाय 'अप्लाय'ला बोट लावायचं नाही, हे तुला मी तीनदा सांगितलंय. एकदा तर तुझ्या वाढदिवसाच्या जेवणात, बासुंदी वाढता वाढता. बॅकअप म्हणजे त्याच डिस्कवर कॉपी-पेस्ट नव्हे. बॅटरी नसलेल्या मशीनवर हा उद्योग करायचा नाही. करायचाच असेल तर इन्व्हर्टरवर, आणि गुरुवारी तर नाहीच नाही. आणि हे वाचून हसणाऱ्या बाकीच्यांनो, तुमची शेवटची नक्कल कधीची आहे? जा, बघून या.

लॅपटॉप रविवारी ने. येताना पेढे आणू नकोस. एक टीबीची डिस्क आण, आणि बिल तुझ्या खिशातून.