राजाबाई टॉवरचे फोटो पुरे, आता कामाचं सांगा

माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजांत जाऊन मुंबई विद्यापीठात प्रवेश घ्यायला मुलांना प्रवृत्त करावं, असं एका लेखात म्हटलंय. मान्य. पण तिथे जाऊन १८५७ची स्थापना आणि राजाबाई टॉवरची फोर्टमधली इमारत एवढंच सांगणार असाल, तर मुलं पाचव्या मिनिटाला मोबाईल काढतात.

आम्ही काही जण टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) मुलांशी एमए-एमएस्सीबद्दल बोलतो. त्यांचे प्रश्न फार जमिनीवरचे असतात. कलिन्याला, म्हणजे विद्यापीठाच्या कॅम्पसला, जायचं तर कुर्ल्याला उतरू की सांताक्रूझला? (सेंट्रल लाइनवाल्यांनो, कुर्ला पश्चिमेला उतरा, तिथून बस किंवा शेअर रिक्षा.) नोकरी सांभाळून लेक्चर्स जमतील का? महाडीबीटीच्या (राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या) स्कॉलरशिपला उत्पन्नाचा दाखला लागतो, हे कितीतरी जणांना फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी कळतं, मग तहसील कार्यालयाच्या फेऱ्या. हे जो स्वतः निस्तरून आलाय तोच नीट सांगतो, छापील माहितीपत्रक नाही.

पालक तर विद्यापीठाच्या २०१७च्या रखडलेल्या निकालांचा विषय अजून काढतात. तेव्हा सारवासारव करू नका. ऑनलाइन पेपरतपासणीत गोंधळ झाला होता, हे सरळ कबूल केलं की पुढचं बोलणं ऐकतात.

आणि कॉलेजांत जाऊन बोलणारे सगळे स्वयंसेवक दादर-पार्ल्याचेच कशाला? विद्यापीठाची हद्द पार सिंधुदुर्गापर्यंत आहे. सावंतवाडीच्या मुलीला तिथल्याच ताईने ‘मुंबईत राहायचं कसं जमवलं’ हे सांगितलं, तर घरचे निदान विचार तरी करतील. मात्र ‘ॲडमिशन करून देतो’ असं कुणी तोंडातूनही काढू नये, ते आपल्या हातात नाही.