जेट लहान केला म्हणून बोट पळत नाही

स्पीडबोटवाल्यांच्या मोबाइलवर एक सल्ला पुन्हा पुन्हा येतो: "टू-स्ट्रोक आउटबोर्डचा मेन जेट दोन नंबर लहान टाका, स्लोचा स्क्रू आवळा, प्लग पांढरा दिसला की ट्यूनिंग झालं. पेट्रोल वाचतं, बोट जास्त पळते. मोटारसायकलला चालतं, मग बोटीला का नाही?"

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन. मेन जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं मापाचं छिद्र, ज्यातून पेट्रोल जातं; स्लोचा स्क्रू इंजिन मंद चालतानाचं मिश्रण ठरवतो. मेसेजच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण सगळी चूक तिथे आहे. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाणारी मोटारसायकल पाव थ्रॉटलवर असते. उतार येतो, सिग्नल येतो, इंजिन दम घेतं. पाणी बोटीच्या पंख्याला (प्रॉपेलरला) कधीच मोकळं सोडत नाही. पाच माणसं घेऊन बोट पळवणं म्हणजे खंबाटकीचा घाट फुल थ्रॉटलवर चढत राहणं, आणि घाट संपतच नाही. वर टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमधूनच जातं. ५०:१ ने टाकीत मिसळत असाल, तर एका लिटरमागे २० मिली. जेट लहान केला की पेट्रोलबरोबर तेही कमी झालं.

आता "जास्त पळते". पेट्रोल हिशेबाने पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. पण सर्वाधिक ताकद मिळते ती १२.५ ते १३ च्या आसपास, म्हणजे थोड्या रिच, पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणात. आधीचा जेट फारच मोठा असेल तर लहान केल्यावर फरक जाणवेल, हे मान्य. त्यापुढे लीन केलं, म्हणजे पेट्रोल आणखी कमी केलं, की ताकद घटते आणि उष्णता वाढते. पहिल्या दिवशी इंजिन हलकं, तिखट वाटतं. फसगत होते ती इथेच.

असं एक तीन सिलिंडरचं इंजिन मी उघडलं होतं. वरच्या सिलिंडरच्या प्लगची चिनीमाती पांढरीफेक, आणि तिच्यावर मिठाच्या कणांसारखे बारीक चमकते ठिपके. ते ॲल्युमिनियम होतं, पिस्टनचं. हेड काढलं तर पिस्टनच्या माथ्यावर करंगळी जाईल एवढं भोक. मालकाला तोच पांढरा प्लग "परफेक्ट" वाटला होता.

तेव्हा पांढरा प्लग ही शाबासकी नाही. फिकट तपकिरी रंग हवा. आणि धक्क्यापर्यंत स्लोवर आणून काढलेला प्लग फुल थ्रॉटलबद्दल काहीच सांगत नाही. नवे प्लग लावा, मोकळ्या शांत पाण्यात दोनेक मिनिटं फुल थ्रॉटल द्या आणि तिथेच किल स्विचने इंजिन बंद करून प्लग पाहा. मागची लाट ट्रान्समवरून, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवरून, आत येऊ शकते, म्हणून बोटीत माणसं भरून हे करू नका.

स्लोच्या स्क्रूचा फुल थ्रॉटलशी जवळजवळ संबंध नाही. शिवाय काही कार्बोरेटरांत तो हवेचा असतो, काहींत पेट्रोलचा. एकात आवळला की मिश्रण रिच होतं, दुसऱ्यात लीन. न बघता "आवळा" म्हणणाऱ्याने ते इंजिन पाहिलेलंच नाही.

ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते मेसेजमध्ये नाहीच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला पूर्ण जळायला १४.७ नव्हे, साधारण १३.५ भाग हवा पुरते. म्हणजे जुना जेट तसाच ठेवला तरी इंजिन आधीपेक्षा लीन चाललंय. त्यावर जेट दोन नंबर लहान? इथेनॉल पाणीही धरतं. दमट किनाऱ्यावर अर्धी टाकी महिनाभर ठेवली तर तळाशी पाणी वेगळं होऊ शकतं.

जेट लहान करायला रास्त कारण एकच मला पटतं, उंची. कोयनेच्या शिवसागराचं पाणी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, त्यामुळे मिश्रण थोडं रिच होतं. मालवणला ते कारण नाही.

फुल थ्रॉटलला आरपीएम मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत चढत नसेल तर आधी कार्बोरेटर उघडून साफ करा. एका जेटमध्ये खार अडकला तरी तेवढंच सिलिंडर लीन होतं. साफ करताना जेटमध्ये तार घालू नका, पितळ ओरखडतं आणि माप बदलतं. कार्बोरेटर एकाहून जास्त असतील तर सगळ्यांच्या थ्रॉटलच्या पाकळ्या एकदम उघडतात का पाहा. मग पंखा बघा: पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबाने जेवढा पुढे सरकतो ते अंतर, एक इंचाने कमी केली की साधारण दीडशे ते दोनशे आरपीएम वाढतात.