पुनर्वसनाचे नियम ठरतात तेव्हा शिक्षा भोगलेली माणसे कुठे असतात?

तुरुंगातून सुटलेल्यांच्या पुनर्वसनाचे धोरण आखताना न्यायाधीश, अधिकारी, अभ्यासक, स्वयंसेवी संस्था अशा सगळ्यांना बोलावणे जाते. ज्यांनी शिक्षा प्रत्यक्ष भोगली त्यांना मात्र क्वचितच, आणि तेही बहुधा एखाद्या समारंभात आपली कहाणी सांगण्यापुरते. हे मला मनापासून खटकते.

शुक्रवारी होणाऱ्या सुटकेचेच पाहा. कागदावर ती नुसती तारीख असते. पण दुपारी हातात पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडलेल्या माणसाला कार्यालये बंद होण्याआधी निवारा, सुटकेनंतर देखरेख ठेवणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याची भेट आणि चालू असलेले औषध हे सारे गाठायचे असते, आणि एक बस चुकली तरी सगळे थेट सोमवारवर जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी सुटका एक-दोन दिवस अलीकडे आणता यावी म्हणून २०२३ साली कायदा करावा लागला. ज्याने असा शनिवार-रविवार उघड्यावर काढला आहे, त्याला ही अडचण कोणी समजावून सांगावी लागत नाही.

हा विचार नवा नाही. अमेरिकेतील तुरुंगसुधारक थॉमस मॉट ऑस्बर्न १९१३ साली न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न तुरुंगात आठवडाभर स्वेच्छेने कैदी म्हणून राहिले. कैद्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींकडे शिस्तीचा काही कारभार सोपवणारी म्युच्युअल वेल्फेअर लीग त्यानंतर तिथे उभी राहिली, आणि तिची कल्पना एका कैद्याशी झालेल्या बोलण्यातून पुढे आली होती. ब्रिटनमध्ये १९९१ साली स्वान्सीच्या तुरुंगात आत्महत्येच्या विचारात असलेल्यांना आधार देणाऱ्या समॅरिटन्स संस्थेने कैद्यांनाच प्रशिक्षण देऊन, इतर कैद्यांचे मन ऐकून घेणारा ‘लिसनर’ उपक्रम सुरू केला. जीव द्यायच्या विचारात असलेला माणूस अधिकाऱ्यासमोर तोंड उघडत नाही, कारण आपले बोलणे फाइलीत जाईल ही धास्ती त्याला असते; शेजारच्या कोठडीतल्या माणसाशी तो बोलतो.

पीडितांच्या बाजूने घेतला जाणारा आक्षेप मला गंभीर वाटतो. गुन्हेगाराला मान आणि आम्हाला काय, असे त्यांनी विचारले तर त्यात चूक काहीच नाही, आणि त्यांनाही त्याच टेबलापाशी जागा मिळालीच पाहिजे. मात्र तोच माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळू नये, यात पीडितांइतके हित क्वचितच दुसऱ्या कोणाचे असेल.

खरी गफलत पुढे होते. नीटनेटके बोलणारे, यशस्वी ठरलेले दोघे-चौघेच निवडले जातात; पुन्हा आत गेलेला, व्यवस्था नेमकी कुठे तुटते हे सर्वांत जवळून पाहिलेला माणूस वगळला जातो. तज्ज्ञाला मानधन मिळते, याला प्रवासखर्चावर भागवावे लागते. सल्ल्यासाठी बोलावणारी संस्था नोकरीच्या अर्जावर मात्र त्याच शिक्षेची नोंद पाहून नकार कळवते. म्हणून माझी मागणी साधी आहे: मसुदा तयार होण्याआधी त्यांना बोलवा, इतर सदस्यांइतकेच मानधन आणि मत द्या, आणि त्यांची सूचना फेटाळायची असेल तर जरूर फेटाळा, पण तिचे कारण लेखी कळवा.