गल्लीचं गाऱ्हाणं मरू देऊ नका

पुण्यात राहायचं तर घर, दुचाकी आणि एक तरी गाऱ्हाणं स्वतःच्या मालकीचं हवं. घर कर्जावर मिळतं, दुचाकी हप्त्यावर. गाऱ्हाणं फुकट मिळतं, म्हणूनच लोक त्याची निगा राखत नाहीत. मग एके दिवशी घात होतो. दारासमोरचा खड्डा बुजतो, कोपऱ्यावरचा कचरा उचलला जातो आणि संध्याकाळी खाली उतरलेल्या माणसाला बोलायला विषय उरत नाही. अशी वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हा खटाटोप.

सुरुवात खड्ड्यापासून करू. खड्डा दिसला की लगेच कळवायला धावायचं नाही. आधी फोटो काढायचा. शेजारी स्वतःची चप्पल ठेवायची, म्हणजे खोली लक्षात येते. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून खाली एवढंच लिहायचं : ‘हेच का ते स्मार्ट शहर?’ 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत पुण्याचा देशात दुसरा नंबर आला होता, ही माहिती जोडलीत तर मजकुराला वजन येतं. मग पाहा. दोन हात जोडलेले येतात, तीन रागावलेले चेहरे येतात, ‘आपण टॅक्स भरतो, भीक मागत नाही’ असं एकजण लिहितोच, आणि कुणीतरी चुकून वाढदिवसाचा केक टाकतो. तुमचं काम झालं. पुढच्या पावसात हाच फोटो परत वापरता येतो. चप्पल तेवढी बदलायची.

बोलताना ‘त्यांनी’ हा शब्द सोडू नका. त्यांनी खणलं, त्यांनी तसंच ठेवलं, त्यांना काही पडलेलीच नाही. ‘ते’ म्हणजे कोण, हे शोधायला जाणं धोक्याचं आहे, कारण उत्तर सापडतं. खड्डा पथ विभागाचा, शेजारचं खचलेलं झाकण ड्रेनेजचं, मधला चर पाणीपुरवठ्याचा आणि त्यातून डोकावणारी नारिंगी नळी कुठल्याशा इंटरनेटवाल्यांची. एकदा ही वाटणी कळली, की कुठल्या टेबलावर जायचं तेही कळतं, आणि मग जावं लागतं.

याच कारणासाठी आपला प्रभाग क्रमांक पाठ करू नये. एरवी आपली स्मरणशक्ती दांडगी आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकतकरातली 40 टक्के सवलत 2023 मध्ये परत सुरू झाली, तेव्हा पीटी-3 नावाचा अर्ज ऐंशी वर्षांच्या आजोबांपासून नव्या सुनेपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होता. कोणत्या पुराव्याची प्रत लागते, मुदत कधी संपते, रांग कुठे लहान आहे, सगळं. ती शिस्त करापुरती ठेवा. रस्त्यापर्यंत येऊ देऊ नका.

नगरसेवकांच्या बाबतीत तर आपल्यावर मोठी कृपा झाली आहे. 2017 च्या निवडणुकीत चार सदस्यांचा प्रभाग झाला, म्हणजे शिव्या घालायला दोघांच्या जागी चार माणसं मिळाली. शिवाय प्रत्येकाला ‘ते त्या तिघांकडे आहे’ असं म्हणायची सोय झाली. मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात शिव्या नेमक्या कुणाला घालायच्या, असा पेच काही हळव्या लोकांना पडला होता. वास्तविक तो सुवर्णकाळ होता. ऐकणारं कुणी नाही, म्हणजे अडवणारंही कुणी नाही. माजी झालेल्यांची नावं बाकड्यांवर तशीच होती, त्यामुळे संध्याकाळी त्यांच्याच नावाला टेकून त्यांच्याविषयी बोलता येत होतं.

आता कचरा. इथे जरा सविस्तर बोलायला हवं, कारण यात कौशल्य लागतं.

तुमच्या दारात सकाळी कचरा न्यायला ताई येते. कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचं महापालिकेबरोबरचं काम 2008 पासूनचं आहे. ताईला ओला आणि सुका वेगळा करून द्यायचा, एवढीच अपेक्षा. 2016 चे घनकचऱ्याचे नियमही तेच सांगत होते, वर डायपर नि सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्या म्हणत होते. तुम्ही यातलं काही करायचं नाही. ताई महिन्याचे पैसे मागायला आली की ‘गेल्या महिन्यात चार दिवस आला नाहीत’ असं म्हणून हिशेब मांडायचा. तीनशे रुपयांचा पिझ्झा मागवताना जो हिशेब सुचत नाही, तो इथे दशांश चिन्हासकट सुचतो. मग तत्त्वाचा प्रश्न म्हणून तिच्याकडे कचरा देणं बंद करायचं.

आणि रात्री साडेदहाला, हेल्मेट घालून, स्कूटरच्या पायाशी पिशवी ठेवून निघायचं. हेल्मेट दिवसा घातलं नाही तरी चालेल. या वेळी हवंच, चेहरा झाकतो. कोपऱ्यावर विजेचा डीपी आहे, तिथे वेग कमी करायचा, पण थांबायचं नाही. डावा पाय किंचित उचलून पिशवी अशी सोडायची की ती आपोआप पडली असं वाटावं. आमच्या इमारतीतले एक निवृत्त बँक अधिकारी यात इतके तयार आहेत, की पिशवी पडताना आवाजसुद्धा होत नाही. सकाळी फिरायला जाताना तेच गृहस्थ तिथे थांबतात, नाकाला रुमाल लावतात आणि म्हणतात, ‘काय लोक आहेत हो!’

अशा जागेला कचऱ्याच्या भाषेत ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात. दुखणं जुनाट असलं की त्याला मान मिळतो, तसंच. अधूनमधून तिथे झाडून घेतात, रांगोळी काढतात, कुंड्या ठेवतात. घाबरू नका. रांगोळी दुपारपर्यंत टिकते, कुंड्या आठवडाभर. मग भिंतीवर देवांच्या टाइल्स बसतात. आमच्याकडे साईबाबा, क्रूस आणि काबा एका ओळीत आहेत, कुणावर अन्याय नको म्हणून. त्यामुळे भिंतीवर थुंकणं खरंच थांबलं. लोक आता दोन फूट बाजूला थुंकतात. पिशव्या मात्र टाइल्सच्या बरोबर खाली पडतात. देवाच्या पायाशी ठेवल्यासारख्या.

पिशवी हातातून सुटली की ती आपली राहत नाही, हे मनावर बिंबवा. ती पुढे कुठे जाते असं घरातल्या मुलानं विचारलं तर ‘गावाबाहेर’ म्हणावं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या कचऱ्याच्या गाड्या किती वेळा अडवल्या, का अडवल्या, हे त्याला सांगत बसू नये. मुलं नको ते प्रश्न विचारतात.

पार्किंगचं थोडक्यात उरकतो. पुण्यात पी-1, पी-2 अशा पाट्या असतात, एक सम तारखेला, दुसरी विषम. कोणती कोणती, ते जन्मभर न कळणं हा तुमचा हक्क आहे. दोन्ही बाजूंना लावा आणि गाडी उचलून नेली की ‘पाटी झाडामागे होती’ म्हणा. झाड नसेल तर ते तोडल्याची तक्रार करा.

माहितीच्या अधिकारापासून मात्र चार हात लांब राहा. 2005 चा हा कायदा दिसायला गरीब आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक साधा कागद, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर हवा आणि दीडशे शब्दांत बसवायचा. दीडशे शब्दांत आपलं प्रास्ताविक होत नाही, त्यामुळे बहुतेक जण या संकटातून आपोआप वाचतात.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी वाचल्या नाहीत. शाळेत मराठी शिकवायच्या. थोडक्यात उत्तरे लिहा, हा त्यांचा आवडता प्रश्न. त्यांनी कुणाला न विचारता अर्जात दोनच वाक्यं लिहिली : आमच्या गल्लीचा रस्ता कोणत्या ठेकेदाराने केला, आणि त्याचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो? या कालावधीत रस्ता उखडला तर ठेकेदाराला तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. आम्हाला हा शब्दच माहीत नव्हता. आम्ही अकरा वर्षं निबंध लिहीत होतो, बाईंनी रिकाम्या जागा भरून घेतल्या.

उत्तर आलं. कालावधीचे पाच महिने शिल्लक होते. आजींनी त्या कागदाची झेरॉक्स जोडून दुसरं पत्र दिलं आणि तिसऱ्या आठवड्यात गल्लीत रोलर आला.

त्या दिवशीची ग्रुपवरची शांतता मी विसरणार नाही. सकाळपासून एक सुविचार नाही. संध्याकाळी बाकड्यावर पाचजण बसले होते. गुळगुळीत काळा रस्ता बघत होते आणि कुणी काही बोलत नव्हतं. एकाने बारीक आवाजात ‘डांबर पातळ वाटतंय’ असं म्हणून पाहिलं, पण त्याच्या बोलण्यात जीव नव्हता. आजी भाजीची पिशवी घेऊन समोरून गेल्या. एकानेही मान वर केली नाही.

तीन दिवसांनी बँकवाले सावरले. त्यांनी लिहिलं, ‘रस्ता चांगला झाल्यामुळे गाड्या भरधाव जाऊ लागल्या आहेत. एखाद्याचा जीव गेल्यावर जाग येणार का?’ क्षणात अठ्ठावीस उत्तरं. गल्ली पुन्हा नांदती झाली.

स्पीडब्रेकर हवा, यावर एकमत आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापात तो 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंटिमीटर उंच असतो, आधी सूचनेची पाटी लागते, वर पट्टे मारावे लागतात. असा बसवला तर गाडी हळू होते आणि माणूस अखंड पलीकडे जातो, म्हणजे त्यात गंमत नाही. आमचा कल कुणाच्या तरी बांधकामातून उरलेलं काँक्रीट रात्रीतून ओतण्याकडे आहे. उंची किती, हे सोसायटीतल्या सगळ्यात चिडलेल्या माणसाने उभं राहून दाखवायचं. त्याने गुडघ्याला हात लावला आहे.

अडलंय ते जागेवर. ‘अ’ विंगच्या दारासमोर केला तर दणक्यांनी त्यांची झोप उडते, ‘ब’ विंगसमोर केला तर पावसाचं पाणी त्यांच्या जिन्यात शिरतं, आणि डीपीजवळ केला तर रात्री साडेदहाला स्कूटर थांबवावी लागेल. या तिसऱ्या जागेला बँकवाल्यांचा लेखी विरोध आहे. रविवारी अकराला खाली बैठक ठेवली आहे. चहा आहे. तुमच्या गल्लीतले अनुभवी लोक आलात तर बरं होईल.

आजींना मात्र कळवलेलं नाही. वरून आवाज ऐकू जाऊ नये, म्हणून हळू बोला.