अयनीत सुखोई ठेवल्याने पाकिस्तानला धाक बसला नसता

ताजिकिस्तानातल्या अयनी हवाई तळावरून भारत २०२२ मध्ये बाहेर पडला, हे २०२५च्या अखेरीस सर्वांना कळले. तेव्हापासून एक मजकूर फिरतो आहे: ‘तिथे सुखोईंची एक स्क्वाड्रन ठेवली असती तर पाकिस्तान दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडला असता. हातचा तळ घालवला.’

मुळात तळ आपल्या हातचा नव्हताच. दुशान्बेजवळची ही सोव्हिएतकालीन धावपट्टी भारताने दुरुस्त करून सुमारे ३,२०० मीटर लांब केली, हँगर बांधले. मालकी ताजिकिस्तानचीच राहिली. शिवाय तो देश रशियाच्या पुढाकारातल्या सामूहिक सुरक्षा करार संघटनेत आहे. सदस्य देशात बाहेरच्यांचा लष्करी तळ हवा असेल तर बाकी सदस्यांची संमती लागते, असे या संघटनेने डिसेंबर २०११ मध्ये ठरवले. ऐन संकटात मॉस्कोने होकार दिला नाही तर विमाने जमिनीवरच.

‘पेशावर हाकेच्या अंतरावर’ म्हणतात. सरळ रेषेत ते साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि मध्ये अफगाणिस्तानची हवाई हद्द आहे.

खरी अडचण इंधनाची, आणि त्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. एका सुखोई-३०च्या टाक्यांत साडेनऊ टनांपर्यंत इंधन मावते. स्क्वाड्रनमधली बारा विमाने एकदा काठोकाठ भरायची तर ११० टनांहून अधिक. दिवसाला दोन उड्डाणे म्हणजे दोनशेच्या वर. आपले सी-१७ मालवाहू विमान जास्तीत जास्त सुमारे ७७ टन उचलते, आणि अशी विमाने आपल्याकडे अकराच. भारतातून खुष्कीची वाट नाही, पाकिस्तानवरून जाता येत नाही, म्हणून इराणवरून वळसा. तिथेच विकत घ्यावे तर ताजिकिस्तान स्वतः बहुतांश इंधन रशियाकडून आणतो. एक इंजिन बिघडले तरी दीड टनाचे दुसरे याच वळशाने न्यायचे. टायर, ब्रेक, क्षेपणास्त्रे यांचेही तेच. आठवडाभरात उड्डाणांची संख्या घसरते, आणि समोरचा नेमकी तीच मोजत असतो.

विमाने उघड्यावर उभी असतील तर तीच निशाणा होतात. जून २०२५ मध्ये इराणचा मारा होण्याआधी अमेरिकेनेही कतारच्या अल उदैद तळावरून बहुतेक विमाने हलवली होती.

‘अमेरिकेला जमते, मग आपल्याला का नाही?’ ऑगस्ट १९९० मध्ये अमेरिकी एफ-१५ लढाऊ विमाने सौदी अरेबियातल्या धाहरानला उतरली, तेव्हा सौदी राजाने होकार दिलेला होता, प्रशस्त तळ तयार होते आणि तेल पायाखाली होते. याच अमेरिकेला २००५ मध्ये उझबेकिस्तानने १८० दिवसांची मुदत देऊन आपल्या देशातला कार्शी-खानाबाद तळ सोडायला लावला.

ताजिकिस्तानचा खरा उपयोग ऑगस्ट २०२१ मध्ये दिसला. काबूलमधून ८७ भारतीयांना घेऊन हवाई दलाचे सी-१३०जे वाहतूक विमान तिथे उतरले, पुढे एअर इंडियाने त्यांना दिल्लीला आणले. त्याला स्क्वाड्रन लागली नाही. उतरण्याची परवानगी आणि टाकीभर इंधन पुरले. हट्ट धरायचाच तर तेवढी सोय पुन्हा मिळवण्याचा धरावा.